‘येतो जी’चं बटण

या उन्हाळ्यात मंडईची वेबसाइट मी नव्या सर्व्हरवर नेली. जुना सर्व्हर बंद पडायच्या बेतात होता, आणि आतला प्रोग्रॅम ज्या जुन्या पीएचपी भाषेत लिहिला होता ती नव्या जागी चालेना. म्हणून तो सगळा पुन्हा लिहिला. माहिती कुठून उचलायची, कोणाचं उत्तर कुठे ठेवायचं, मोजायचं कसं, सगळं बदललं. ‘पान’ नावाचं एक फोल्डर मात्र तसंच उचलून इकडे ठेवलं. त्यातल्या फायलींमधलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. त्या फायली माझ्या बायकोच्या आहेत. तिला जाऊन आता दुसरा पावसाळा लागेल.

पान दिसतं कसं हे एकीकडे ठेवावं आणि पानामागे काम चालतं कसं हे दुसरीकडे, दोन्हीची सरमिसळ करू नये, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. भंडाऱ्यात ज्या संस्थेत संगणक शिकवत होतो तिथे फळ्यावर लिहूनही देत होतो. आमच्या घरात मात्र ते शिरलं एका बटणापायी, आणि त्या बटणापायी एका अख्ख्या गावाची मंडई रद्द व्हायला आली होती.

तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तसं ते गाव पाण्याखाली गेलं. माणसं उठून निरनिराळ्या दिशांना गेली. काही नव्या गावठाणात, काही कोंढ्याकडे सोयऱ्यांजवळ, काही आंधळगावला, काही आमच्यासारखी भंडाऱ्यात आणि पुष्कळशी नागपुरात. मंडई म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला भाजीबाजार आठवतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे गावाची जत्राच. दुपारी दंडार म्हणजे ढोलकीवर नाच्यांचं नाचगाणं, रात्री नाटक, मधे दुकानं आणि पाळणे, आणि घरोघरी पाहुणे. सोयरिकीसुद्धा तिथेच ठरतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. तिच्या गावाचा दिवस गाव उठल्यापासून रिकामा जात होता.

पोळ्याच्या सुमारास एकदा ती जेवता जेवता म्हणाली, “गाव पाण्यात गेलं, मंडई कायले जावी?”

तिला ती नव्या गावठाणात भरवायची होती. तिथे तिचा मोठा भाऊ राहतो. मंडप, स्वयंपाक, दंडारीची पार्टी हे सगळं त्याच्याच अंगावर येणार होतं. तो कामाचा माणूस आहे आणि कामाची माणसं लवकर हो म्हणत नाहीत.

“दसरा झाला का दंडारवाल्याइले शब्द द्या लागते,” तो म्हणाला. “तोपर्यंत सांग मले, लोक येतेत का नाई. रिकाम्या पेंडालात मी कोणाले नाचवत नाई.”

“येतेत ना दादा.”

“तू म्हणते म्हणून? लोकाइले म्हणू दे.”

लोकांना म्हणू द्यायचं तर विचारावं लागणार. सगळ्यांचे नंबर कोणाकडेच नव्हते, पण एव्हाना घरटी एका तरी मोबाइलवर इंटरनेट आलं होतं आणि एकाने दुसऱ्याला लिंक पाठवली की ती फिरते हे आम्ही पाहिलं होतं. म्हणून मी वेबसाइट करायची आणि ती तिने सजवायची असं ठरलं. आपले जुने शेजारी आता कुठे राहतात ते पाहायचं, आपलं घर कुठे आहे ते सांगायचं आणि मंडईला येणार की नाही तेवढं एक बटण दाबायचं.

तेव्हा मी बहुतेकांसारखा एकाच फायलीत सगळं लिहीत असे. वर प्रोग्रॅम, त्याच्या पोटात पानावरचा मजकूर, त्याच्या पोटात पुन्हा प्रोग्रॅम. राइस मिलच्या आणि लग्नाच्या लॉनच्या वेबसाइट मी अशाच केल्या होत्या. त्यांचं कधी काही बिघडलं नाही, कारण एकदा फोटो टाकले की मालक पुन्हा तिकडे फिरकत नसत. आमच्या घरची मालकीण रोज फिरकत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि फळ्यावरचं वाक्य मनासारखं होईपर्यंत पुसत राहायची, तसंच ती इथेही करू लागली. मी तिला फाइल उघडायला शिकवली आणि सांगितलं, इंग्रजीला हात लावू नको, मधे मधे मराठी दिसेल ते तुझं.

“हे तं भातातले खडे येचल्यासारखं हाय,” ती म्हणाली. “तुमच्या इंग्रजीच्या भातात माह्या मराठीचे खडे.”

दुसऱ्या दिवशी मी संस्थेतून आलो तर दारातच, “पान पांढरं झालं जी.”

“का केलं तू?”

“मी का करीन? ‘आपलं’ होतं, त्याचं ‘आपल्या’ केलं.”

‘आपलं’च्या शेजारचं एक अवतरणचिन्ह त्यात पुसलं गेलं होतं. मी ते बसवून दिलं.

“एवढ्याशा चिन्हासाठी अख्खं पान रुसते?” ती म्हणाली. “याच्याहून माहे चवथीतले पोट्टे बरे.”

पानाची मांडणी मी आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने केली होती. ती तिने पहिल्याच आठवड्यात उलटी करायला लावली. “अ आ इ नं गाव राह्यते का कुठी?” मग घरांचे गट तिने सांगितले तसे झाले. मोठ्या चिंचेकडची घरं, विहारामागची घरं, नदीकाठी डोंगा लागायचा तिथली घरं, शाळेच्या पाठीची घरं. या गटांसाठी मला प्रोग्रॅम उसवून शिवावा लागला. तिला मात्र पान आता ओळखीचं वाटू लागलं होतं.

मग तिची नजर बटणांवर गेली. मी दोन बटणं ठेवली होती, ‘येणार’ आणि ‘येणार नाही’.

“हे का कोर्टाचा समन्स हाय?” ती म्हणाली. “आपल्या गावात असं कोणी बोलते का?”

आणि एका दुपारी तिने ती बदलली. एकावर ‘यंदा जमत नाही’ लिहिलं. दुसरं पानाच्या अगदी तळाशी, ‘तुमची वाट पाहून राहिलो’ या ओळीखाली बसवलं, आणि त्यावर लिहिलं, ‘येतो जी’. पान पांढरं झालं नाही. मला ते फार गोड वाटलं आणि मी तसं म्हणालोही.

पानावर सगळ्यात वर दोन आकडे दिसत, येणारी घरं आणि न येणारी घरं. त्या आठवड्यापासून न येणाऱ्यांचा आकडा रोज वाढू लागला. येणाऱ्यांचा जिथल्या तिथे, बोटांवर मोजता येईल इतका. संध्याकाळी शाळेतून आली की ती चपला काढायच्या आधी मोबाइल पाही. नवरात्र लागलं तोवर अर्ध्याहून जास्त गाव ‘नाही’च्या बाजूला जाऊन बसलं होतं.

तिच्या भावाचा फोन आला. तोही पान पाहत होता.

“पाहून राहिली ना? बटन दाबू दाबू नाही म्हणून राहिले लोक.”

“अजून दसऱ्याले टाइम हाय दादा.”

“अवं, न येणारा माणूस गप्प बसते. हे तं सांगून नाही म्हणून राहिले. म्हणजे राग हाय.”

फोन ठेवून ती वह्या तपासायला बसली. तपासता तपासता म्हणाली, “गाव उठताना कोणाचं कोणासंगं पटलं नाही. कोण इकडच्या गावठाणात गेलं, कोण तिकडच्या. तेव्हाचं अजून मनात असन.” पानावर तिने हौसेने लावलेली गुलाबी पाटी, फुलांची किनार, सगळं दिवसभरात काढून टाकलं. पान पुन्हा रुक्ष झालं, मी केलं होतं तसं. तिच्या मनात त्या मंडईने किती जागा घेतली होती ते मला त्या रिकाम्या किनारीवरून कळलं.

दसऱ्याला आम्ही दरवर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. दर्शन झाल्यावर मी पुस्तकांच्या दुकानांकडे वळलो. ती मला तिथे सोडून द्यायची, कारण माझ्याबरोबर उभं राहून तिचे पाय दुखत. मी एक पुस्तक चाळत असताना मागून तिचा आवाज आला आणि त्याच्यावर चढलेला दुसरा एक आवाज. तिच्या गावची एक म्हातारी मावशी होती, आता मुलाकडे नागपुरात राहणारी.

“काहून वो बाई, मंडईले मी कोणतं लुगडं नेसू?”

“कोणत्या मंडईले मावशी?”

“आता! आपल्या. तूच तं बोलावलं ना मोबाइलवर? माह्या सुनेनं दाबलं बटन, येतो जी म्हणून.”

“तुमच्या घरचं तं नाही म्हणून दिसून राहिलं.”

“कोण म्हणते नाही?” मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मले पुसल्याबिगर माह्या घरात कोणी नाही म्हणून दाखवावं!”

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघं निरनिराळ्या विचारांत होतो. ती सुनेवर संशय घेत होती. मला मधेच, मौद्याच्या आसपास, प्रोग्रॅममधली माझीच एक ओळ आठवली.

सकाळी संगणक उघडून मी उत्तरांचा तक्ता पाहिला. नशीब असं की कोण काय म्हणालं हे मी आकड्यात न ठेवता बटणावरच्या शब्दातच ठेवत होतो. पडदाभर, एकाखाली एक, तेच होतं. येतो जी. येतो जी. येतो जी. मी माउसचं चाक फिरवत राहिलो आणि ते संपेना. प्रोग्रॅमला मी सांगून ठेवलं होतं की बटणावर ‘येणार’ लिहिलं असेल तर माणूस येणाऱ्यांत मोज, दुसरं काहीही असेल तर न येणाऱ्यांत. तो बिचारा माणसाचं म्हणणं ऐकत नव्हता, बटणाचं तोंड पाहत होता. तोंड बदललं आणि त्याने अख्खं गाव पलीकडे ढकललं.

मी तिला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, वाचू लागली आणि मग पदराऐवजी मनगट तोंडाशी धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“हे सारे येतो म्हणून राहिले, अन तुमी त्याइले नाहीमध्ये ढकलून राहिले!”

“मी नाही. प्रोग्रॅमनं.”

“प्रोग्रॅम कोणं लिहिला?”

“बटण कोणं बदललं?”

“मले कोणं सांगितलं मराठी तुझं म्हणून?”

खरं तर एक शब्द बदलला असता तर काम भागलं असतं. मी तो बदलायला घेतलाही. तिने खांद्यावरून पाहून विचारलं, “अन मी उद्या परत बदललं तं?” आणि ती बदलणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून सुटीचे ते दोन दिवस मी ती फाइल सोलत बसलो. दोन फोल्डर केले, एकाचं नाव ‘काम’, दुसऱ्याचं ‘पान’. ‘काम’मध्ये मराठीचं एक अक्षर ठेवलं नाही. तिथे येणाऱ्यासाठी एक आणि न येणाऱ्यासाठी शून्य, बस. ते बटणाला काय म्हणतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘पान’मध्ये सगळा मजकूर, रंग, किनारी, आणि जिथे माझ्याकडची माहिती यायची तिथे दुहेरी महिरपी कंसात एक खूण. ती तिला समजवायला फार वेळ लागला नाही. महिरपी कंस ती चौथीला शिकवायचीच.

“म्हणजे महिरपीच्या आतलं तुमचं, बाहेरचं माहं?”

“हो.”

“अन मी बाहेर काही केलं तरी पान पांढरं होनार नाही?”

“वाईट दिसेल. पांढरं होणार नाही.”

“वाईट कायले दिसन!” ती म्हणाली आणि सगळ्यात आधी किनार परत लावली.

एका जागी मात्र आमचं अडलं. ज्या घरांकडून काहीच उत्तर आलं नव्हतं त्यांच्यापुढे नुसती रिकामी जागा दिसत होती. तिला ते चालेना. माझं म्हणणं, रिकामं आहे की नाही हा हिशोब ‘काम’चा आहे, त्यात तू येऊ नको. तिने डोळे मिटून थोडा विचार केला.

“हे पाहा,” ती म्हणाली. “घर रिकामं हाय का नाही, ते तुमी सांगा. रिकाम्या घराले का म्हणायचं, ते मी ठरवीन.”

याहून नेमकी सीमारेषा मला आजवर कोणत्या पुस्तकात सापडली नाही. पुढे संस्थेत हा भाग शिकवताना मी हेच वाक्य सांगत असे, फक्त कोणाचं ते सांगत नसे. तिने त्या घरांपुढे लिहिलं, ‘अजून बोलले नाहीत, बोलतील.’ या उन्हाळ्यात प्रोग्रॅम नवा झाला तरी त्या घरांपुढे तेच वाक्य आलं. बरोबर आलं का एवढंच मला तपासायचं होतं, पण मी ते पान खालपर्यंत वाचलं.

तर पान सुधारलं आणि वरचे आकडे रातोरात अदलाबदल झाले. तिच्या भावाने फोन करून विचारलं, “का केलं तुमी? एका दिवसात सारे पलटले?” मी त्याला प्रोग्रॅमची चूक समजावून सांगितली. त्याला ती कितपत पटली कोण जाणे, पण दंडारवाल्यांना त्याने शब्द दिला.

घरात दिवाळी आधीच सुरू झाली. मग डोंगा लागायचा त्या घरांतल्या एका काकांचा फोन आला. ते मासेमारी करणारे. आता धरणाच्या पाण्यावर जाळं टाकतात, म्हणजे जवळजवळ आपल्याच गावावर. तिने फोन आम्हा दोघांना ऐकू येईल असा केला.

“काका, तुमी येऊन राहिले ना मंडईले? पाहिलं मी तुमचं.”

“का पाहिलं?”

“बटण दाबलं ना तुमी. येतो जी.”

“अवं ते!” काका म्हणाले. “नातवानं मोबाइल देल्लं, मी सारं वाचलो. लय चांगलं लिहिली तू. मंग निंगताना दाबलो, येतो जी म्हणून. न सांगता कसा निंगू?”

फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तिने ते बटण अगदी शेवटी, जिथे माणूस उंबऱ्यावर उभा राहून निरोप घेतो नेमकं तिथे ठेवलं होतं. त्या पडदाभर ‘येतो जी’मधले किती मंडईला येत होते आणि किती नुसते पान सोडून निघाले होते?

बटण बदलायला आता एक मिनिट लागलं. ‘काम’ला हात न लावता तिने ‘मंडईले येतो’ केलं. पण आधी दाबलेल्यांचं काय? ‘काम’कडे नुसता एक होता आणि ‘पान’कडे नुसता शब्द. कितीही नीट वेगळं केलं असतं तरी माणसाच्या मनातलं दोन्हींत नव्हतं.

“आता घरोघरी फोन लावून पुसू का?” ती म्हणाली. “का बापा, तुमी येतो म्हणता म्हणजे येता का जाता?” आम्ही हसलो, पण त्या हसण्यात दम नव्हता. भावाला तिने सगळं खरं सांगितलं.

“दंडारवाले तं आता येतेतच,” तो म्हणाला. “भात कितीचा टाकू, तेवढं सांग.”

“येतो म्हणाले ना सारे,” ती म्हणाली. “साऱ्याइचा टाक.”

मंडईच्या दिवशी आम्ही सकाळीच गावठाणात पोचलो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता आणि मैदानापलीकडे त्याचे भारे पडले होते. पेंडाल मोठा होता, जरा जास्तच मोठा. चुलीवर भाताची मोठाली गंज चढली होती. सगळ्यांच्या आधी दंडारीची पार्टी आली, ढोलकी घेऊन, आणि मोकळ्या पेंडालाकडे पाहून त्यांच्यातला एक म्हणाला, “दिवस आजचाच हाय ना?” तिचा भाऊ चुलीकडे निघून गेला. ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी शेजारी गेलो तर म्हणाली, “तुमी बसा जी तिकडे. तुमी उभे राहिले का मले उशीर झाल्यासारखं वाटते.”

पाहुण्यांत पहिले आले ते काका. पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेले मासे.

“काका! तुमी तं नुसतं निरोपाचं दाबलं होतं.”

“दाबलं ना पण,” काका म्हणाले. “तू वाट पाहून राहिली असशील, म्हणून आलो.”

त्यांच्यामागून एक काळी-पिवळी जीप आली, मग दोन मोटारसायकली, मग नागपूरकडून एक भाड्याची गाडी. तिच्यातून मावशी उतरली, हिरव्या लुगड्यात, आणि उतरल्या उतरल्या सुनेला म्हणाली, “दाखव आता याइले, आपण नाही म्हणालो होतो का?” त्यानंतर मला मोजदाद जमली नाही. ‘यंदा जमत नाही’ दाबलेलेही आले. त्यांतल्या एकाला मी कारण विचारलं तर तो म्हणाला, “जमवलं.” भात कमी पडायला लागला तसा तिच्या भावाने दुसरी गंज चढवायला सांगितली. एवढं सांगताना त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

दुपार झाली तरी दंडार सुरू होईना. लुगडी नेसून, तोंडाला रंग लावून बसलेले नाचे पेंडालाच्या कोपऱ्यात चहा पीत होते. ढोलकीवाल्याने दोनदा थाप मारून पाहिली, ती कोणाला ऐकूही गेली नाही. पेंडालभर माणसं एकमेकांकडे तोंडं करून बोलत होती, मंचाकडे सगळ्यांची पाठ. कोणाचा कोणता मुलगा, कोणाची म्हातारी आहे की गेली, कोणी कोणाला गाव उठताना काय म्हटलं होतं आणि ते मनात ठेवलेलं नाही. तिचा भाऊ माइकवर गेला.

“बसा बसा. दंडार सुरू होऊन राहिली. गप्प बसा जी सारे!”

कोणी ऐकलं नाही. तो पुन्हा ओरडला. तेव्हा ती गर्दीतून वाट काढत मंचाजवळ गेली आणि त्याच्या हातातला माइक काढून घेऊन बंद केला.

“राहू दे दादा,” ती म्हणाली. “बोलू दे त्याइले. नाचेवाले थांबतेत थोडे.”

ते थांबले. त्यांना चहा पुन्हा दिला गेला.